नांगरट, पीक आणि मातीतला सेंद्रिय कर्ब: जमिनीच्या खात्यात काय जमा होतं, काय खर्च होतं

घरात जमीन आरोग्य पत्रिका किंवा माती परीक्षणाचा कागद असेल तर तो एकदा काढा. सामू आणि क्षारतेच्या जवळच 'सेंद्रिय कर्ब' अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढं ०.३५, ०.४८ असा काहीतरी आकडा. बहुतेक जण ही ओळ सोडून सरळ खताची शिफारस वाचतात. युरिया किती, डीएपी किती, संपलं. पण खत लागू पडणार की नाही, पाऊस उघडला तर पीक किती दिवस तग धरणार, हे बरंचसं त्या एका आकड्यावर ठरतं. आणि तो आकडा आपण दरवर्षी दोन वेळा हलवतो. एकदा उन्हाळ्यात नांगर घालताना आणि एकदा पेरणीच्या वेळी पीक निवडताना.

लातूर, बीड, धाराशिव, परभणी या भागातली काळी, कोरडवाहू जमीन डोळ्यापुढं ठेवून हा लेख लिहिला आहे. उसाचं आणि कोकणातल्या भाताचं गणित थोडं वेगळं आहे, ते पुढं येईल.

०.४ म्हणजे नक्की किती?

महाराष्ट्रातल्या माती परीक्षणात सेंद्रिय कर्बाच्या सहा पायऱ्या धरतात. ०.२० टक्क्यांपर्यंत अत्यंत कमी, ०.४० पर्यंत कमी, ०.६० पर्यंत मध्यम, ०.८० पर्यंत थोडा जास्त, १.०० पर्यंत जास्त आणि त्याच्या वर अत्यंत जास्त.

टक्क्यांत कळत नाही, म्हणून किलोत मांडू. एक एकर जमिनीचा वरचा वीतभर, म्हणजे १५ सेंटिमीटरचा थर घेतला तर त्या मातीचं वजन ढोबळमानानं आठ लाख किलो भरतं. त्यात ०.४ टक्के कर्ब म्हणजे ३२०० किलो. आकडा ०.४ वरून ०.५ वर न्यायचा तर एकरी आठशे किलो कर्ब जमिनीत मुरून राहायला पाहिजे. नुसता टाकून भागत नाही, तो टिकला पाहिजे. शेतात टाकलेल्या काडीकचऱ्यातला बहुतेक कर्ब वर्षभरात हवेत उडून जातो आणि थोडाच मातीत ह्युमस म्हणून उरतो. एका वर्षात कर्ब दुप्पट करून देणारी बाटली कुणी विकत असेल तर हा हिशोब त्याच्यापुढं ठेवा.

आता नत्राचं बघू. ह्युमसमध्ये कर्ब आणि नत्र सुटे नसतात. साधारण दहा-बारा किलो कर्बाबरोबर एक किलो नत्र बांधलेलं असतं. म्हणजे ३२०० किलो कर्ब असलेल्या एकरात पावणेतीनशे ते तीनशेवीस किलो नत्र साठलेलं आहे. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ४६ टक्क्यांच्या हिशोबानं जेमतेम २१ किलो नत्र असतं. तेव्हा वरच्या वीतभर मातीतच तेरा-पंधरा गोण्यांइतकं नत्र पडून आहे. मात्र ते सगळं एकदम पिकाला मिळत नाही. जिवाणू ह्युमस खातात तेव्हा त्यातलं थोडं थोडं सुटतं. वर्षाला दोन टक्के सुटलं असं धरलं तरी एकरी पाच-सहा किलो फुकट मिळतात. कर्ब दुप्पट असेल तर हे फुकटचं नत्रही दुप्पट. उलट कर्ब घटत गेला की तेवढाच माल काढायला खत वाढवावं लागतं. 'पूर्वी एका गोणीत भागायचं, आता दोन टाकूनही पीक पिवळंच' ही पारावरची तक्रार इथून सुरू होते.

काळ्या जमिनीबाबत एक घोळ आधीच मिटवू. आपल्याकडच्या बऱ्याच जमिनींत चुनखडी असते. चुनखडीतही कर्ब असतो, पण तो दगडातला. पिकाला त्याचा काही उपयोग नाही. प्रयोगशाळेत सेंद्रिय कर्ब मोजतात तेव्हा चुनखडीतला धरत नाहीत. आणि जमीन काळीभोर दिसते म्हणून कर्ब भरपूर असेल, असंही समजू नका. काळेपणा मुख्यत: चिकणमातीचा आणि तिला चिकटलेल्या थोड्याशा सेंद्रिय पदार्थाचा असतो. कोळशासारख्या काळ्या रानाचा कर्ब ०.३ निघालेला अनेकांनी पाहिला असेल.

बांधावरचं ढेकूळ पाण्यात टाकून बघा

हा प्रयोग फुकटात होतो. बांधावरच्या गवताखालचं एक वाळलेलं ढेकूळ घ्या आणि त्याच बांधालगत शेतातलं एक घ्या. दोन्ही लिंबाएवढी. काचेच्या दोन ग्लासांत पाणी भरून ढेकळं अलगद सोडा. बहुतेक वेळा शेतातलं ढेकूळ थोड्याच वेळात विरघळून गाळ होतं, पाणी गढूळ होतं. बांधावरचं तसंच बसून राहतं, फार तर कडेनं थोडं सुटतं.

माती एकच, पाऊस एकच. फरक एवढाच की बांधाला नांगर लागलेला नाही आणि त्याच्या पोटात बारा महिने कुठली ना कुठली मुळी जिवंत असते. मुळ्यांमधून पाझरणारा चिकट रस, बुरशीचे धागे आणि जिवाणूंचा डिंक मातीच्या कणांना बांधून त्यांचे रवे करतात. या रव्यांच्या आत सेंद्रिय कर्ब अडकून बसतो. तिथं हवा कमी पोचते, जिवाणूंना शिरायला वाट मिळत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं टिकतो.

नांगर, मोगडा, रोटाव्हेटर हे रवे फोडतात. आतला कर्ब उघडा पडतो, भरपूर हवा मिळते, वरून मे महिन्याचं ऊन. पहिला पाऊस पडून ओल आली की जिवाणूंची चंगळ होते. कर्ब खाऊन ते कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि त्या कर्बाबरोबरचं नत्र मोकळं होतं. नांगरलेल्या रानात पीक सुरुवातीला जोमात दिसतं ते यामुळंच. आपण म्हणतो, 'नांगरट चांगली झाली, रान तापलं, बघा कसं हिरवं आलंय.' ते खोटं नाही. पण ते हिरवेपण जुन्या ठेवीतून काढलेल्या पैशाचं असतं.

हे मोकळं झालेलं नत्र सगळं पिकाला मिळतं असंही नाही. जूनमध्ये पिकाच्या मुळ्या बोटभर असतात. त्या वेळी जोराचा पाऊस झाला तर नायट्रेट रूपातलं नत्र पाण्याबरोबर खाली जातं. काळ्या रानात पाणी तुंबलं तर मुळांपाशी हवा राहत नाही आणि काही जिवाणू नायट्रेट मोडून नत्र वायूरूपात उडवून लावतात. त्यातला नायट्रस ऑक्साइड हा वायू हवामान तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट भारी आहे. म्हणजे नुकसान शेतकऱ्याचं आणि वर हवेचंही.

रोटाव्हेटरबद्दल स्पष्टच लिहितो. तो माती पिठासारखी करतो, रान देखणं दिसतं, पेरणीला सोपं जातं. पण रवे मोडण्यात त्याच्याइतकं तरबेज अवजार दुसरं नाही. पीठ झालेली माती पहिल्या सरीत चिकटून वर पापुद्रा धरते, त्यात सोयाबीनचे कोंब अडकतात. दरवर्षी तो फिरवायलाच पाहिजे असं काही नाही.

मग नांगर सोडला की कर्ब वाढतो का?

इथं जरा जपून बोललं पाहिजे, कारण मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ फार सरळ उत्तर देतात.

नांगरट थांबवली की वरच्या बोटभर-दोन बोटं थरात कर्ब वाढलेला दिसतो, हे बहुतेक प्रयोगांत आढळतं. पण फूट-दोन फूट खोलीपर्यंत माती तपासली तर एकूण वाढ बरीच कमी दिसते, काही ठिकाणी जवळपास काहीच नाही. नांगर काडीकचरा खाली गाडतो. नांगर नसला की तो वरच राहतो. म्हणजे काही भाग नुसता जागा बदललेला असतो. वरचा थर सुधारल्याचे फायदे खरे आहेत. पाणी मुरतं, माती वाहत नाही, पापुद्रा धरत नाही. फक्त त्याला सगळीच्या सगळी नवी बचत समजू नये.

उत्पादनाचं काय होतं? २०१५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात ६३ देशांतल्या ६१० अभ्यासांचा एकत्र हिशोब छापून आला. नुसती नांगरट बंद केली तर सरासरी उत्पादन थोडं घटलं. मात्र नांगरट बंद, रानावर काडाचं आच्छादन आणि पिकांची फेरपालट ही तिन्ही कामं एकत्र केली तेव्हा कोरड्या हवामानातल्या पावसावरच्या शेतीत उत्पादन वाढलं. आपलं रान याच गटात मोडतं. पण अट तिन्हींची आहे. भुसा विकायचा, धसकटं वेचून पेटवायची आणि वर 'आपण झिरो टिलेज करतो' म्हणायचं, यातून फक्त तण वाढतं.

पटनचेरूच्या रानात काय झालं

उदगीर-बिदर-जहीराबाद रस्त्यानं हैदराबादला जाताना शहराच्या अलीकडं पटनचेरू लागतं. तिथं इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिच्या काळ्या रानात १९७६ पासून दोन पद्धती शेजारी शेजारी चालवून पाहिल्या गेल्या. जमीन आपल्यासारखी, पाऊसही साधारण आपल्यासारखाच.

एका बाजूला जुनी पद्धत. पावसाळाभर रान मोकळं ठेवायचं, पाळ्या घालत राहायच्या आणि रब्बीत ज्वारी किंवा हरभरा घ्यायचा. शेणखत दिलं जायचं, रासायनिक खत नाही. सोलापूर-बीडकडच्या रब्बी पट्ट्यात ही पद्धत अनेकांनी वाडवडिलांच्या काळात पाहिली आहे, काही ठिकाणी अजून आहे. दुसऱ्या बाजूला सुधारित पद्धत. रुंद वरंबा-सरी, पावसाच्या तोंडावर पेरणी, खरिपात ज्वारी किंवा मक्यासारखं पीक आणि तुरीसारखं कडधान्य अशी जोड, आणि मोजून खत.

चोवीस वर्षांच्या हिशोबात जुन्या पद्धतीत वर्षाला हेक्टरी सरासरी ०.९ टन धान्य निघालं, सुधारित पद्धतीत ४.७ टन. एकरी पाहिलं तर साडेतीन क्विंटलला एकोणीस क्विंटल. माती वाहून जाण्याचं प्रमाण जुन्या पद्धतीत हेक्टरी सहा टनांहून जास्त होतं, सुधारित पद्धतीत दीड टनाच्या आसपास. आणि चार फूट खोलीपर्यंत मोजलेला सेंद्रिय कर्ब सुधारित रानात हेक्टरी ७.३ टनांनी जास्त भरला. एकरी जवळपास तीन टन.

यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की सुधारित रानात मशागत पूर्ण बंद नव्हती. वरंबे होते, त्यांची मशागतही होती. शेणखत तर उलट जुन्या पद्धतीच्या बाजूला होतं. तरी कर्ब सुधारित बाजूला साठला, कारण तिथं जास्त पीक उभं राहिलं, जास्त दिवस उभं राहिलं आणि जास्त मुळ्या जमिनीत कुजल्या. पावसाळ्यात उघडं राहिलेलं रान कमवत काहीच नव्हतं. पाळ्या घालून साठलेलं उडवत होतं आणि उरलेलं ओढ्याला वाहून देत होतं.

माझ्या मते या विषयात सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग हाच. कर्ब पिकातून येतो. नांगर तो किती वेगानं खर्च करायचा ते ठरवतो.

सोयाबीन नत्र देतं, हे अर्धंच खरं

आपल्या भागात खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा हे वर्षानुवर्षं ठरूनच गेलंय. दोन्ही द्विदल, मुळांवर गाठी, हवेतलं नत्र फुकट, म्हणजे जमीन सुधारत असणार असं सगळे धरून चालतात. हिशोब मांडून बघू.

कुठल्याही धान्यातली प्रथिनं ६.२५ नं भागली की नत्र निघतं. सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिनं, म्हणजे एका क्विंटलमागं ६.४ किलो नत्र. एकरी आठ क्विंटल सोयाबीन बाजारात गेलं की एकावन्न किलो नत्र शेताबाहेर गेलं. अडीच गोण्या युरिया समजा. गाठींमधून झाडाला लागणाऱ्या नत्रातलं साधारण निम्मं ते साठ टक्के मिळतं, बाकीचं ते जमिनीतून आणि खतातून उचलतं. जमीन ओली-कोरडी होत राहिली, सामू जास्त असला, बियाण्याला जिवाणू खत लावलेलं नसलं तर हे प्रमाण आणखी घसरतं. पेरताना जास्त युरिया टाकला तरी गाठी आळशी होतात. जमा आणि खर्च जेमतेम जुळतात, आणि तेही पिकलेली पानं रानातच गळली आणि भुसा रानात परत आला तर.

आपण करतो काय? कापणी, बनीम, मग मळणी यंत्र. भुशाचा ढीग एका कोपऱ्यात. तो जनावरांना जातो, विकला जातो, नाही तर पेरणीची घाई म्हणून त्याला काडी लागते. जनावरांना गेला तर शेणातून परत येण्याची वाट तरी आहे. पेटला तर कर्बही गेला, नत्रही गेलं. आणि कोपऱ्यातल्या त्या एका जागेला सगळी राख.

सोयाबीनची दुसरी अडचण म्हणजे त्याचा पालापाचोळा पटकन कुजतो. शे-सव्वाशे दिवसांचं पीक, मुळ्या फार नाहीत, काड थोडं. नत्राच्या बाजूनं ते वाईट नाही, पण कर्बाच्या बाजूनं हलकं आहे. सोयाबीन-हरभरा, सोयाबीन-हरभरा असं दहा वर्षं चाललेल्या रानात कर्ब का वाढत नाही याचं एक कारण हे.

तूर वेगळी आहे. सहा महिने आणि पुढंही उभी राहते, सोटमूळ खोल जातं, फुलोऱ्यानंतर पानांचा सडा पडतो. दाण्यात प्रथिनं वीस-बावीस टक्के, म्हणजे क्विंटलमागं साडेतीन किलोच्या आत नत्र बाहेर जातं. खोल गेलेली मुळी कुजते तीही खोलवर, जिथं नांगर पोचत नाही आणि कर्ब जास्त टिकतो. सोयाबीनच्या चार किंवा सहा ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी टाकायची रीत आपल्याकडं आहेच. ती भावासाठी आणि जोखमीसाठी आहे असं आपण समजतो, पण जमिनीच्या खात्यातही तुरीच्या त्या ओळी चांगली भर टाकतात.

ज्वारी, बाजरी, मका ही गवतवर्गीय पिकं कर्ब आणणारी. मुळ्यांचं जाळं दाट, धसकट चिवट. दाण्यातून बाहेर जाणारं नत्र ज्वारीत क्विंटलला दीड किलोच्या आसपास. कडबा बाहेर जातो हे खरं, आणि कडब्याचे भाव पाहता तो शेतात सोडा असं कुणी सांगणार नाही. पण जमिनीखालचा हिस्सा तरी शेतात राहतो. तीन-चार वर्षांतून एकदा सोयाबीनच्या जागी ज्वारी किंवा मका, अधूनमधून तुरीची जोड अशी फेरपालट कागदावर साधी दिसते. बाजारात ज्वारीला हात कोण लावतो, रानडुकरं मका ठेवतात का, हे प्रश्न खरे आहेत. त्यांचं उत्तर मातीशास्त्राकडं नाही.

कापसाचं एवढंच सांगतो. पीक सात-आठ महिने, कोळपण्या भरपूर आणि शेवटी पऱ्हाटी उपटून चुलीला किंवा बांधावर पेटवायला. पऱ्हाटीत लाकूड असल्यानं ती हळू कुजते, म्हणून कर्बासाठी खरं तर चांगली. श्रेडरनं बारीक करून रानात पसरता आली तर सोनं. मात्र बोंडअळी असलेली पऱ्हाटी रानात तशीच उभी ठेवू नका. बारीक करा नाही तर लवकर बाहेर काढा.

काड गाडलं आणि पीक पिवळं पडलं

असं झालेले अनेक शेतकरी 'काड गाडणं हे पुस्तकी आहे' म्हणून परत काडी लावायला लागतात. कारण समजून घेतलं तर टाळता येतं.

जिवाणूंना काड खाऊन अंग धरायला कर्ब आणि नत्र दोन्ही लागतं. खाण्यात साधारण २४-२५ भाग कर्बाला एक भाग नत्र असलं की त्यांचं भागतं. हिरवा ताग, धैंचा, गिरीपुष्पाचा पाला यांत हे प्रमाण २० च्या जवळपास असतं, म्हणून ते गाडलं की नत्र लगेच सुटायला लागतं. गव्हाच्या किंवा ज्वारीच्या वाळलेल्या काडात ८० भाग कर्बाला एक भाग नत्र असं असतं, उसाच्या पाचटात त्याहून जास्त कर्ब. असं काड मातीत मिसळलं की कमी पडणारं नत्र जिवाणू मातीतून ओढतात. पिकाच्या ताटातलं. पीक पिवळं पडतं. काही आठवड्यांनी जिवाणू मरतात आणि ते नत्र परत सुटतं, पण तोवर पिकाचे पहिले दिवस गेलेले असतात.

उपाय तीन. काड पेरणीच्या दीड-दोन महिने आधी मिसळा. किंवा मिसळूच नका, वर आच्छादन म्हणून राहू द्या. मग ते फक्त मातीला टेकलेल्या बाजूनं हळूहळू कुजतं आणि नत्राची ओढाताण होत नाही. किंवा सोबत थोडं नत्र द्या. उसाच्या पाचटासाठी एका टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक ही शिफारस बऱ्याच जणांना माहीत आहे. तिच्यामागचं कारण हेच.

उसाचा विषय निघालाच आहे तर, एकरी साधारण तीन-चार टन पाचट निघतं. पेटवलं की त्यातला कर्ब आणि नत्र जवळपास सगळं जातं, पालाश तेवढं राखेत उरतं आणि वरच्या थरातले जीवजंतू भाजून निघतात. खोडव्यात पाचट सरीत ठेवणारे आता बरेच आहेत. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी विनानांगरणीचा ऊस वर्षानुवर्षं करून त्याबद्दल भरपूर लिहिलं आहे. जमिनीखालची जाड, चिवट, उशिरा कुजणारी मुळं आणि धसकटं जागेवरच कुजवा, असं त्यांचं म्हणणं. कोकणात कर्जत तालुक्यातल्या नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी चिखलणी आणि लावणीशिवाय, कायमच्या गादीवाफ्यांवर भात घेण्याची 'एसआरटी' पद्धत रूढ केली. त्यातही आधीच्या पिकाची मुळं उपटत नाहीत. दोन्ही पद्धतींत तणनाशकाचा आधार घेतला जातो, हे माहीत असू द्यावं. तण हाच या वाटेवरचा पहिला अडथळा आहे.

वर काड ठेवणाऱ्यांसाठी युरियाची एक गोष्ट. काडावर युरिया फेकला तर तिथंच त्याचा अमोनिया होऊन उडतो. आपल्या चुनखडीच्या, जास्त सामूच्या जमिनीत तर आणखी लवकर. तो काडाखाली, मातीत पेरूनच द्या, नाही तर पुढं लगेच पाऊस किंवा पाणी हवं.

नांगर कधी घालायचाच

कुंदा, हरळी, लव्हाळा यांनी रान धरलं असेल, हुमणीचा जोर असेल, ट्रॅक्टर आणि हार्वेस्टरनं माती दाबून कडक तवा झाला असेल तर खोल नांगरट करावी लागते. तेव्हा मन खायची गरज नाही. पण इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेच्या सल्ल्यातही खोल नांगरट दर तीन वर्षांतून एकदा सांगतात, दरवर्षी नाही. मधल्या वर्षांत वखराच्या एक-दोन पाळ्यांत भागतं का ते आपल्या रानात बघा. आधी अर्ध्या एकरावर. डिझेलचे आणि भाड्याचे पैसे वाचतात ते वेगळंच.

कोळपणीला मात्र नावं ठेवू नका. काळं रान भेगाळतं, भेगांतून ओल जाते, आणि कोळप्यानं भेगा बुजवायची आजोबांची रीत कोरड्या वर्षात पीक वाचवते. वरचा दोन बोटं थर हलवणं आणि फूटभर माती उलटी करणं यात कर्बाच्या दृष्टीनं खूप फरक आहे.

बीबीएफ यंत्रानं पेरणी करणाऱ्यांना एक सोपी संधी आहे. वरंबे दरवर्षी मोडू नका. खरिपाचं सोयाबीन निघालं की त्याच वरंब्यावर, धसकटं न काढता हरभरा टोकता किंवा पेरता येतो. एक पूर्ण मशागत वाचते, ओल टिकते, आणि सोयाबीनची मुळं जागेवर कुजतात. हरभरा लवकर पेरला जातो हा यातला रोख फायदा.

कार्बन क्रेडिटवाला दारात आला तर

काही कंपन्यांचे प्रतिनिधी गावोगाव फिरून 'नांगरट थांबवा, काड पेटवू नका, पैसे मिळतील' असं सांगत आहेत. कल्पना खोटी नाही. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. पण सही करण्याआधी पटनचेरूचा आकडा आठवा. तिथं इतक्या चांगल्या व्यवस्थापनात वर्षाला हेक्टरी तीनशे किलोंच्या आसपास जादा कर्ब साठला. एक किलो कर्ब म्हणजे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड. एकरी हिशोब वर्षाला अर्ध्या टनाच्या आसपास येतो, म्हणजे अर्धं क्रेडिट. त्यातून मोजणीचा आणि मधल्या माणसांचा खर्च वजा. एकरी हजारो रुपये दरवर्षी मिळतील असं कुणी म्हणत असेल तर अर्ध्या टनाचे एवढे पैसे कसे होतात, ते त्याच्याकडूनच मांडून घ्या.

करार किती वर्षांचा आहे, मधल्या काळात नांगर घालावा लागला तर काय, जमीन विकली किंवा भावाभावांत वाटणी झाली तर काय, पैसे कधी आणि कशाच्या मोजणीवर, हे कागदावर लिहिलेलं पाहिजे. तोंडी नाही. कागद मराठीत मागा.

आणि कुणी क्रेडिट देवो न देवो, स्वत:चा आकडा स्वत: ठेवा. नमुना पेरणीआधी एप्रिल-मेमध्ये घ्या, खत टाकण्यापूर्वी. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची वरपासून वीतभर खोलीपर्यंतची सारखी चकती काढा. सगळी माती एकत्र करून अर्धा किलो ठेवा. बांध, झाडाखाली, शेणखताचा जुना उकिरडा, भुसा पेटवलेला कोपरा, या जागा टाळा. दरवर्षी खर्च करायची गरज नाही, दर तीन वर्षांनी पुरे. पण महिना तोच, खोली तीच आणि शक्यतो प्रयोगशाळाही तीच ठेवा. नांगरट बंद केलेल्या रानात वरच्या दोन बोटांचीच माती उचलली तर आकडा फुगून येतो आणि आपणच फसतो. ०.४१ चं ०.४३ झालं तर उड्या मारू नका, तेवढा फरक नमुना घेण्यातही पडतो. सहा वर्षांत ०.४१ वरून ०.५० च्या वर गेलात तर तुमच्या एकरात सातशे किलोंहून जास्त कर्ब आणि साठ-सत्तर किलो नत्र नव्यानं मुरलंय असं समजा. तारीख आणि गट नंबर टाकून कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, कागद हरवतात.